भाडेकरूची खिडकी

व्हिएन्ना हें जुन्या राजवैभवाचें शहर. हाब्सबुर्ग बादशहांचे प्रासाद, प्रार्थनामंदिरांचे मनोरे आणि नक्षीनें नटलेल्या इमारतींच्या सरळ रांगा पाहत प्रवासी तिसऱ्या विभागांतील ल्योव्हेनगास्से या रस्त्यावर येतो आणि एका कोपऱ्यावर थबकतो. समोरच्या घराची भिंत निळ्या, पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या तुकड्यांची आहे. एक खिडकी दुसरीसारखी नाहीं. माथ्यावर सोनेरी घुमट आहेत आणि खिडक्यांतून चक्क झाडें बाहेर डोकावत आहेत. एखाद्या धनिकाची ही लहर असावी असें वाटतें. वस्तुतः हें हुंडर्टवासर-गृह म्हणजे नगरपालिकेनें १९८३ ते १९८५ या काळांत बांधलेलें, ५२ बिऱ्हाडांचें भाड्याचें घर होय.

घराच्या खिडकीवरून वाद होणें व्हिएन्नाला नवें नव्हतें. राजवाड्यासमोरच आडोल्फ लोस या वास्तुशिल्पज्ञानें एक इमारत उभारली. खालीं दुकान, वर बिऱ्हाडें. पण वरच्या खिडक्यांभोंवतीं नक्षीचा लवलेशहि नव्हता. लोकांनीं तिला ‘भुंवया नसलेलें घर’ म्हणून हिणविलें आणि १९१० सालीं नगरपालिकेनें कामच थांबविलें. अखेर खिडक्यांखालीं फुलझाडांसाठीं कांशाच्या पेट्या बसवून तडजोड झाली. त्या पेट्या आजहि तेथें दिसतात.

चित्रकार फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर (१९२८-२०००) याचें भांडण मात्र नेमकें लोसच्या वारसांशीं होतें. सरळ रेषेचा त्याला तिटकारा. १९५८ सालच्या एका जाहीरनाम्यांत त्यानें मागणी केली, कीं भाडेकरूला खिडकीबाहेर वांकून, हात पोंचेल तेथवरची बाहेरची भिंत आपल्या मनाप्रमाणें रंगविण्याचा किंवा खरवडण्याचा हक्क असावा. येथें कैदी नव्हे, माणूस राहतो, हें रस्त्यावरून जाणाऱ्याला दुरून कळावें, हा त्यांतला हेतु. भिंतीवरील रंगांचें कोडेंहि येथेंच उलगडतें: प्रत्येक बिऱ्हाडाचा रंग निराळा, म्हणजे आपलें घर कोठें सुरू होतें व कोठें संपतें हें बाहेरूनहि ओळखतां येतें. गच्च्यांवर माती घालून लाविलेलीं झाडेंझुडपें सुमारें २५० आहेत. खिडक्यांतून वाढणाऱ्या झाडांना तो ‘वृक्ष-भाडेकरू’ म्हणे. प्राणवायु आणि सावली हेंच त्यांचें भाडें! सामाईक वाटेवरची जमीनहि उंचसखल आहे. पाण्यानें भरलेली घागर घेऊन चालणाऱ्याला ही कल्पना कितपत रुचेल हा प्रश्न निराळा.

कुरूप इमारत टळली हाच आपला मोबदला, असें म्हणून हुंडर्टवासरनें या कामाचे पैसे घेतले नाहींत. परंतु चित्रकाराला नकाशे, जिने आणि नळ यांचें शास्त्र कोठून ठाऊक असणार? तें काम योसेफ क्राविना आणि पुढें पेटर पेलिकान या वास्तुशिल्पज्ञांनीं केलें. क्राविनाशीं त्याचें पटलें नाहीं. घर प्रसिद्ध झालें तें एकट्या चित्रकाराच्या नांवानें. क्राविना हाहि या घराचा सहनिर्माता आहे, हें ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयानें मान्य करण्यास २०१० साल उजाडलें. इतका विलंब लागावा हें न्याय्य म्हणतां येत नाहीं. रंगीत भिंत डोळ्यांत भरते, तिला उभी धरणारा आराखडा दिसत नाहीं, एवढेंच.

पाहुण्याला या घरांत प्रवेश नाहीं. तेथें माणसें राहतात, स्वयंपाक करतात, मुलांना झोपवितात. आणि खालीं दिवसभर परक्यांचे कॅमेरे त्यांच्याच खिडक्यांवर रोखलेले असतात. भाडेकरूनें आपलें वेगळेंपण जगाला दाखवावें म्हणून जी खिडकी मोकळी केली, तिचाच पडदा ओढून घ्यावा असें त्याला वाटलें, तर नवल नाहीं. गर्दीचा भार हलका व्हावा म्हणून समोरच्या एका टायरांच्या कारखान्याचें रूपांतर त्याच धाटणीच्या बाजारपेठेंत करण्यांत आलें. वांकड्या जमिनीवरून चालून पाहण्याची हौस असेल, त्यानें थोडें पुढें जाऊन हुंडर्टवासरनेंच १९९१ सालीं उघडलेल्या कुन्स्टहाउस संग्रहालयांत जावें. पूर्वी थोनेट कंपनीचें लांकडी सामान बनविणारी ती इमारत. तेथें तिकीट काढलें, कीं कोणाच्याहि उंबऱ्याशीं न जातां हवें तितकें अडखळतां येतें.