खाटेला विमा, खुर्चीला खिसा

दाढ ठणकायला लागली की बीड जिल्ह्यातल्या घरांत आधी लवंग निघते, मग मेडिकलवरची गोळी येते, आणि गाल सुजला की दवाखाना आठवतो. शिकलेली माणसे याला अडाणीपणा म्हणतात. प्रत्यक्षात त्यामागे साधा हिशेब असतो. घरात आरोग्य योजनेचे कार्ड आहे, कुणाकडे कंपनीची पॉलिसीही आहे. पण दाढेसाठी ती चालत नाही. अपघात झाला, हृदयाचे ऑपरेशन निघाले, तर विमा उभा राहतो. दाताच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मात्र खिशातच हात घालावा लागतो. दाताचा खर्च लोकांना जड जातो तो केवळ उपचार महाग म्हणून नाही. आपला विमा खाटेभोवती रचलेला आहे आणि दाताचा उपचार खुर्चीत होतो, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

१९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, तेव्हापासून आपल्याकडे विम्याचा पाया रुग्णालयात दाखल होणे हाच राहिला. साधारण अट चोवीस तासांची. तंत्र सुधारले तसे मोतीबिंदूसारखे काही तासांचे उपचार ‘डे केअर’ म्हणून आत आले. पण डे केअरच्या व्याख्येतच एक वाक्य आहे: जो उपचार एरवी बाह्यरुग्ण म्हणून घेतला जातो, तो यात धरायचा नाही. दात साफ करणे, सिमेंट भरणे, रूट कॅनॉल, कॅप, कवळी हे सगळे या एका वाक्यामुळे बाहेर राहते. बऱ्याच पॉलिसींत दाताचा उपचार अपघाताने दुखापत झाली तरच मिळतो. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी त्यामानाने उदार आहे. आजार किंवा दुखापतीमुळे लागणारा दंतोपचार तिच्यात लिहिलेला आहे. पण तिथेही तो रुग्णालयाच्या खर्चाचा भाग म्हणून येतो आणि मान्य रकमेतले पाच टक्के आपल्यालाच भरावे लागतात. म्हणून पॉलिसीत ‘दंतोपचार’ हा शब्द दिसला, तरी त्याच्या मागेपुढे काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करू नये.

सरकारी योजनेची गत निराळी नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत बीड असल्यामुळे इथल्या शुभ्र शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही ती आधीच लागू झाली होती. जुलै २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सर्वांना पाच लाखांपर्यंतचे छत्र देण्याचे ठरले. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी त्यात होते आणि हे मोठेच काम आहे. पण मिश्री, तंबाखू, गुटख्याने तोंड आखडत चालले आहे, आतली कातडी पांढरी पडली आहे, हे ज्या तपासणीत सर्वात आधी दिसते ती दाताच्या खुर्चीतली तपासणी योजनेच्या यादीबाहेर आहे. रोग कर्करोगापर्यंत पोचला की लाखांचे दार उघडते. त्याच्या अलीकडच्या शंभर-दोनशे रुपयांना मात्र वाली नाही.

एका दाढेचा प्रवास पाहा. कीड वरवर असते तेव्हा एका बैठकीत सिमेंट भरून भागते. ती नसेपर्यंत गेली की रूट कॅनॉल, त्यावर कॅप. दोन-चार बैठका आणि काही हजार रुपये. तेही टाळले की दात काढणे, आणि काढलेल्या जागी पुढे पूल किंवा कवळी. पू जबड्याखाली उतरून गळ्याशी सूज आली तर श्वासावर बेतते. मग मात्र माणूस खाटेवर पडतो आणि विमा जागा होतो. केज किंवा धारूरच्या एखाद्या वाडीवरून प्रत्येक बैठक म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे. दात काढणे बहुधा एका फेरीत होते, वाचवायला जास्त फेऱ्या लागतात. म्हणून गरीब माणूस दात काढून मोकळा होतो. ऊसतोडीला जाणाऱ्याला तर दिवसही मोजकेच. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. अर्धवट राहिलेले रूट कॅनॉल फडात कोण पुरे करणार? आणि दाताला लागणारा पैसा उचलीतून गेला, तर तो कोयत्यानेच फेडायचा असतो.

यावर बाह्यरुग्ण उपचारांची जोडपॉलिसी घ्या, असा सल्ला दिला जातो. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा, वर्षाला जास्तीचा हप्ता २,५०० रुपये, दाताची मर्यादा ५,००० आणि बिलातला वीस टक्के वाटा आपला. रूट कॅनॉल आणि कॅपचे बिल ८,००० झाले. आपला वाटा १,६००. उरलेल्या ६,४०० पैकी कंपनी ५,००० देणार. म्हणजे खिशातून ३,००० गेलेच आणि हप्त्याचे २,५०० वेगळे. आठ हजारांच्या कामाला साडेपाच हजार आपलेच लागले. त्यात प्रतीक्षाकाळ असेल तर पहिल्या वर्षी तेवढेही नाही. ज्याच्या घरात दरवर्षी दाताचे काम निघते त्याला हे परवडेल. बाकीच्यांनी तेवढीच रक्कम बाजूला ठेवावी.

विमा जाणकारांचा आक्षेप असा, की विमा अनिश्चित संकटासाठी असतो. दात किडणे जवळजवळ ठरलेलेच, त्याचा विमा कसा काढायचा? आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. जो खर्च ठरलेला आहे, तो सगळ्यांनी मिळून आधीच भरावा. १९५४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने मालकांशी बोलणी करून कामगारांच्या मुलांच्या दातांची सोय करून घेतली. तिथल्या दंतविम्याची सुरुवात अशी ओझी वाहणाऱ्यांच्या घरांतून झाली. आपल्याकडे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याची आणि तेवढेच सरकारने घालण्याची त्याची रचना आहे. पैशाची वाट आखलेली आहे, दाताची खुर्ची तेवढी त्या वाटेवर नाही.

दुसरी भीती जास्त खरी आहे. पैसे मिळू लागले की गरज नसलेल्या कॅप बसतील. बीडला हे नव्याने सांगायला नको. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उठला, तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. पण अशी लूट रोखायची तर आधी एक्स-रे, मग मंजुरी, मग काम अशी चौकट घालता येते. तपासणी, सिमेंट भरणे आणि दात काढणे एवढ्यापुरती सोय केली, तर गैरवापराला वावही थोडाच उरतो.

डॉक्टर नाहीत, असेही म्हणता येणार नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून आहे, बीडला खासगी दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. महामंडळाने आणि जिल्हा परिषदेने त्यांच्याशी बोलून टोळ्या निघण्याआधी, भाद्रपद-आश्विनात, तालुक्याच्या गावी तपासणीच्या खुर्च्या मांडाव्यात. ज्याला सिमेंट लागेल त्याला ते त्याच दिवशी भरून द्यावे. गाडी कारखान्याकडे निघाली की पुढचे सहा महिने त्या दाढेकडे पाहायला कुणी नसते.