कार्ले येथील चैत्यगृहांतील उजेड आणि स्वामी वर्धकीचा लेख

कार्ल्याचे लेख अनेक विद्वानांनीं वाचले व छापले आहेत. परंतु ज्या वास्तूवर ते कोरले तिच्यांतील वातावरण स्थपतींनीं कोणत्या युक्तीनें निर्माण केलें, इकडे लेखवाचकांचें लक्ष क्वचितच जातें. निदान एका लेखाच्या अर्थासाठीं तरी तें गेलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

चैत्यगृह सुमारें १२५ फूट लांब व ४५ फूट रुंद असून बाजूच्या भिंतींस एकही खिडकी नाहीं. माणसें खालच्या दारांनीं आंत जातात. उजेड मुख्यतः वरच्या नालाकृति गवाक्षांतून येतो, आणि तो मधल्या दालनावरून जाऊन शेवटच्या स्तूपावर पडतो. दोन्ही बाजूंचे १५-१५ खांब इतके दाट आहेत कीं दारांतून पाहणारास मागची भिंत दिसतच नाहीं. खांबांआड नुसता अंधार. त्यामुळें दालन मापाहून फार मोठें भासतें. स्तूपामागचे ७ खांब मात्र साधे अष्टकोनी आहेत, त्यांस ना बैठक ना शिरोभाग. कारागीर थकले म्हणून नव्हे. तेथें दृष्टि स्तूपावरच राहावी, हा हेतु उघड दिसतो. छतास लांकडी फासळ्या आहेत. खडकास असल्या आधाराची गरज ती काय? तथापि लांकडी सभागृहांत वावरलेल्या उपासकास त्यांवांचून तें ओळखीचें घर वाटलें नसतें.

आतां लेखाकडे वळूं. धेनुकाकटचा वर्धकी, म्हणजे सुतार, वेणुवासपुत्र स्वामी यानें घराचें 'मुख' केलें, असें तो सांगतो. 'मुख' म्हणजे दार, असा अर्थ सामान्यतः घेतात. परंतु गवाक्षांतील लांकडी कमानकाम अद्याप शिल्लक आहे व तें सुतारानेंच केलेलें असणार. 'मुख' शब्दांत दाराबरोबर हा वरचा भागही येत असेल, तर ज्याच्या हातून येथील उजेड घडला त्या माणसाचें नांवच आपणांस मिळालें! वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम म्हणून कोरविलें, तें तर सर्वांस ठाऊक आहे. सुताराकडे कोणी पाहत नाहीं.

दार कीं संपूर्ण दर्शनी भाग, याचा निर्णय आम्हीं येथें करीत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं या लेखाचे जुने ठसे असतील त्यांनीं ते ताडून पाहावेत. आणि लेण्यांत जातांना प्रथम घटकाभर दिवा न लावतां बसावें.