चौकट : ‘नील यंग : हार्ट ऑफ गोल्ड’

दिग्दर्शक : जोनाथन डेमी. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’साठी ऑस्कर. ‘टॉकिंग हेड्स’ बँडवरचा ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ (1984) हा गाजलेला मैफलपटही त्यांचाच.

चित्रीकरण : ऑगस्ट 2005, रायमन ऑडिटोरियम, नॅशव्हिल. 1892 मध्ये प्रार्थनागृह म्हणून उभी राहिलेली ही वास्तू 1943 ते 1974 या काळात ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचं घर होती.

पार्श्वभूमी : त्याच वर्षी गायक-गीतकार नील यंग यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आल्याचं निदान झालं. उपचारांच्या आसपासच ‘प्रेअरी विंड’ या अल्बमची गाणी तयार झाली. जूनमध्ये वडील, पत्रकार-लेखक स्कॉट यंग वारले. मैफलीच्या वेळी नील 59 वर्षांचे होते.

मंचावर : एमिलू हॅरिस, पेडल स्टील गिटारवर बेन कीथ, तेव्हाच्या पत्नी पेगी यंग आणि फिस्क विद्यापीठाचे ज्युबिली सिंगर्स. नील यांच्या हाती एकेकाळी हँक विल्यम्स यांची असलेली मार्टिन गिटार.

प्रदर्शन : 2006, सनडान्स महोत्सव.

का पाहावा : कॅमेरा गाणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर निवांत थांबतो. मृत्यू जवळून पाहिलेला कलावंत किती कृतज्ञतेनं गातो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे मैफलपट फार थोडे आहेत.