खोडलेला क्रमांक पुन्हा कसा उमटतो
नंदुरबार जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांना भिडलेला असून नवापूरचे रेल्वे स्थानक तर थेट सीमेवरच उभे आहे. त्यामुळे येथून चोरलेली मोटारसायकल परराज्यात नेणे अवघड नाही आणि 'एमएच ३९'ची पाटी बदलणे त्याहून सोपे. वाहनाची खरी ओळख मात्र चासी क्रमांकात, म्हणजे सांगाड्याच्या धातूवर ठशाने उमटवलेल्या १७ अक्षर-अंकांत असते. चोर तो ग्राइंडरने घासून टाकतात. परंतु ठशाच्या आघाताने अक्षरांखालच्या पोलादाची स्फटिकरचना खोलवर विस्कटलेली असते, आणि घासलेला भाग गुळगुळीत करून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लातील क्युप्रिक क्लोराइडचा बोळा फिरवला की दबलेला धातू भोवतालच्या धातूहून वेगळ्या गतीने झिजतो व पुसलेले आकडे दिसू लागतात. घासणे फार खोल गेले असेल, तर ही विलक्षण युक्तीही निष्फळ ठरते. जुने वाहन घेणाऱ्याने म्हणूनच नोंदणी प्रमाणपत्रावरील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा, कारण चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे.