तोरणा ते राजगड : कागदावरचें अंतर

तोरण्यावरून पूर्वेच्या अंगास पाहिलें असतां राजगडाचा बालेकिल्ला हांकेच्या अंतरावर असल्याचा भास होतो. नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही गडांमधील अंतर सुमारें सात किलोमीटर भरतें. १ : ५०,००० या प्रमाणाच्या नकाशांत तें चौदा सेंटिमीटर होय. परंतु बुधला माचीवरून उतरून धारेनें संजीवनी माची गांठणाऱ्या मनुष्याचा बहुतेक दिवस खर्ची पडतो. यांत नकाशाचा दोष नाहीं. तो केवळ आडवें अंतर सांगतो. चढउतार समजण्यास तपकिरी समोच्च रेषा वाचाव्या लागतात. लागोपाठच्या दोन रेषांत वीस मीटर उंचीचा फरक असतो. त्या एकमेकींस चिकटल्या कीं कडा समजावा. विरळ झाल्या कीं गुंजवणीकांठचीं भातखाचरें आलीं.

मोसंब्याची साल सोलून पाटावर दाबली तर ती फाटते. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवितांना हीच अडचण येते; आकार, क्षेत्रफळ व अंतर हीं सर्व एकदम राखतां येत नाहींत. मर्केटरनें १५६९ सालीं दिशा राखल्या आणि क्षेत्रफळावर पाणी सोडलें. त्यामुळें त्याच्या नकाशांत ग्रीनलंड भारताहून कितीतरी मोठें दिसतें. वस्तुतः भारतच त्याच्या सुमारें दीडपट आहे. खलाशांना हा नकाशा उपकारक ठरला. शाळेच्या भिंतीवर मात्र तो टांगूं नये हें बरें. भोर अठराव्या अक्षांशाजवळ असल्यामुळें तेथें लांबी शेंकडा पांचच फुगते.

वेल्हे तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला. नांवें बदलतात, अक्षांश-रेखांश तरी अढळ असतील, असें कोणासहि वाटेल. तेंहि पूर्णपणें खरें नाहीं. विल्यम लॅम्टन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांची जी मालिका आरंभिली, तिच्या गणितासाठीं पुढें जॉर्ज एव्हरेस्ट यानें १८३० सालीं पृथ्वीचा एक लंबगोल ठरविला. तो भारतापुरता चांगला जुळत असे. कृत्रिम उपग्रहांचें गणित मात्र अखिल पृथ्वीस जुळणाऱ्या दुसऱ्या लंबगोलावर चालतें. म्हणून एकाच जागेचे दोन्ही पद्धतींतील आंकडे जुळत नाहींत. या मुलुखांत सुमारें शंभर मीटरांचा फरक पडतो.

कागदावर हे दोनच मिलिमीटर. आषाढाच्या धुक्यांत धारेवर उभ्या असलेल्या मनुष्याला मात्र शंभर मीटर म्हणजे वाट आणि दरी यांतील फरक! त्याच्या हातांतील फोन किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन स्थान काढतो. तिहींनीं स्थान ठरतें, चौथ्यानें फोनच्या घड्याळाची चूक निघते. हें गणित बिनचूक असूनहि ते आंकडे जुन्या नकाशावर जसेच्या तसे मांडले तर खूण भलत्याच ठिकाणीं पडते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या मालिकेचे नकाशे उपग्रहांच्याच लंबगोलावर बेतलेले आहेत. जुन्या नकाशाच्या समासांत एव्हरेस्ट हें नांव आढळलें, तर आंकडे त्या पद्धतींत बदलून घेऊन मगच कागदावर खूण करावी.