आधी उलटं करून बघा!

सेकंड इयरला आम्ही तिघींनी पुण्यात रूम घेतली. गाद्या आल्या, बादल्या आल्या, पण अभ्यासाला टेबल काही नव्हतं. त्यात रील्स बघून बघून डोक्यात खूळ शिरलेलं. तीस सेकंदांत एक कळकट टेबल पिस्ता रंगाचं होऊन झळकतं, मग आपल्याला काय अवघड आहे? बुधवारी लेक्चर बंक करून जुना बाजार गाठला आणि चौदाशे रुपयांत एक चकचकीत टेबल पटवलं. टेम्पोचे पाचशे, रंग-ब्रशचे साडेसहाशे.

पॉलिश पेपर चार वेळा फिरवला आणि 'लाकडाचा' वरचा थर सोलून हातात आला. तो छापलेला कागद होता! खाली दाबून चिकटवलेला भुसा. धूळ पुसायला ओलं फडकं फिरवलं, तर कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली. महिन्याभरात एक पाय निखळला आणि टेबल बसलं. लॅपटॉप वाचला, कारण त्या वेळी तो रूममेटच्या मांडीवर होता.

कोपऱ्यावरच्या सुतारकाकांना दाखवलं, तर त्यांनी एकच विचारलं, "घेताना उलटं करून बघितलं होतंस का?"

नव्हतं बघितलं. महिन्याच्या मेसइतके पैसे गेले आणि टेबल कचऱ्याच्या गाडीत गेलं. कचरा वाचवायला निघाले होते, उलट त्यात रंगाच्या डब्यांची भर घातली. तेव्हा कळलं, अपसायकलिंगचं अर्धं काम ब्रश हातात घेण्याआधीच, वस्तू निवडताना होतं. पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईतलं ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट असो की चोर बाजार, काही गोष्टी तपासल्याशिवाय पाकीट काढू नका.

लाकूड की लाकडाचा फोटो?

वरून सगळंच लाकूड दिसतं. खरं काय ते टेबलाच्या पोटाखाली, ड्रॉवरच्या मागे आणि स्क्रूच्या भोकात कळतं. सागवान किंवा शिसवीसारख्या अस्सल लाकडात वरच्या रेषा कडेलाही पुढे चालू दिसतात. प्लायवुडच्या कडेला पातळ थरांची चळत दिसते. भुशाचे दाणे दिसले, तर तो पार्टिकल बोर्ड. पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. एकदा सैल झालेल्या भोकात स्क्रूही नीट धरत नाही. 'जड आहे म्हणजे लाकूड आहे' यावर जाऊ नका, पार्टिकल बोर्डही चांगलाच जड असतो.

सनमायका लावलेलं प्लायवुड मात्र वाईट नाही. फक्त सनमायका घासून आधी खडबडीत करा, प्राइमर मारा आणि मगच रंग द्या. नाहीतर रंग नखाने निघेल.

हलवा, ओढा, बसा

दोन समोरासमोरचे कोपरे धरून टेबल तिरकं हलवा. सांधा करकरला तर घाबरू नका. जुना गोंद खरवडून फेव्हिकॉल भरा, सुतळीने करकचून बांधा आणि दिवसभर हात लावू नका. सांध्यातलं लाकूडच तुटलं असेल, तर मात्र ते नवशिक्याचं काम नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून बघा. खुर्चीवर बसून, मागे रेलून बघा. खुर्चीवर आख्खा माणूस बसतो, म्हणून पहिला प्रोजेक्ट खुर्ची नको. स्टूल, शेल्फ किंवा टेबल घ्या.

लोखंडाचा वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो. त्यावर रेड ऑक्साइड प्राइमर मारला की काम झालं. पण किल्लीचं टोक आरपार जात असेल, तर राम राम करा. जुन्या शिलाई मशीनच्या स्टँडवर फळी ठेवली की झकास स्टडी टेबल होतं. मात्र तो स्टँड बहुतेक वेळा बिडाचा असतो आणि बिडाला तडा गेला तर साधं वेल्डिंग भरवशाचं नसतं. तेव्हा पाय आणि सांधे नीट न्याहाळा.

फुकटचे भाडेकरू

लाकडाला बारीक गोल भोकं दिसली तर वस्तू ठोका आणि खाली कागद धरा. पिठासारखी ताजी भुकटी पडली, तर कीड अजून आत आहे. मातीच्या बारीक रेघा म्हणजे वाळवी. खाचांत, शिवणीत काळे ठिपके दिसले तर ढेकूण. गादीवाला जुना सोफा कितीही स्वस्त मिळो, होस्टेलवर आणू नका. एका खोलीतले ढेकूण आख्खा मजला जागा ठेवतात.

जुना रंग, नवी डोकेदुखी

घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. कोरडं घासलं की त्याची धूळ उडते आणि ती श्वासावाटे पोटात-फुप्फुसात जाते. बंद खोलीत, तीही झोपायच्या, हा उद्योग नकोच. रंगाचे पोपडे निघत असलेली वस्तू सरळ सोडून द्या. पॉलिश केलेलं किंवा उघडं लाकूड शोधा.

टेप आणि हिशेब

टेबलाची उंची साधारण 75 सेंटिमीटर आणि खुर्चीची बैठक 45 सेंटिमीटर असली की पाठ कुरकुरत नाही. रूमचं दार आणि जिन्याचं वळण आधीच मोजून ठेवा. वस्तूच्या किमतीत टेम्पो, पॉलिश पेपर, प्राइमर, रंग हे सगळं मिळवा आणि मग भाव करा. सापडलेली खोट बोट ठेवून दाखवली, की भाव आपोआप खाली येतो.

माझं आत्ताचं टेबल रूम सोडणाऱ्या एका सीनियरकडून मिळालं. परीक्षा संपल्यावर असं सामान बरंच निघतं, ग्रुपवर लक्ष ठेवा. कळकट होतं, एक सांधा सैल होता. पण उलटं केलं आणि खाली सागवान निघालं. सांधा बसवला, पॉलिश पेपर फिरवला, पॉलिशचे दोन हात दिले. पिस्ता रंग दिलाच नाही. रील बनवण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हा लेख त्याच टेबलावर लिहिलाय, आणि ते अजून हललेलं नाही.