जुनी जीप पुन्हा चालती करताना : पाने, आटे आणि एक वही



आजचा विषय जरा वेगळा आहे. जुनी जीप घरच्या शेडमध्ये खोलून, दुरुस्त करून मूळ रूपात कशी आणतात ते आज पाहू. गाडी नुसती सुरू करून देणं वेगळं. ते काम गॅरेजवाला दोन दिवसांत करून देईल. ती जशी कारखान्यातून आली होती तशी परत उभी करणं वेगळं, आणि त्याला दोन-तीन वर्षं सहज लागतात.

आमच्या सासरी, सातारा जिल्ह्यात, गोठ्याशेजारी पत्र्याची शेड आहे. तिथे १९६८ सालची महिंद्राची सीजे-३बी जीप बरीच वर्षं कडब्याखाली पडून होती. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला होता. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, नाही म्हटलं. आता गेलं दीड वर्ष अण्णा आणि माझे दीर (ते आयटीआयचे फिटर आहेत) मिळून ती दुरुस्त करतायत. अक्षर बरं म्हणून वही लिहायचं काम माझ्याकडे आलं. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. या जीपचं त्यांना जे ठाऊक आहे ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून वही महत्त्वाची.

आधी जीपची थोडी ओळख. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. युद्धानंतर विलीजने तीच गाडी शेतकऱ्यांसाठी बाजारात आणली. आपल्याकडे १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी निघाली, १९४८ मध्ये तिचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीजच्या परवान्याने त्यांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ला आलं आणि १९६८ ला बंद झालं. आपल्याकडे मात्र त्याच घडणीच्या जीप त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिल्या. म्हणून तर आपल्या गावागावांत ती दिसते.

मुलांना विचारायला एक छान प्रश्न: जीपच्या पुढच्या जाळीला उभ्या फटी किती? युद्धातल्या जीपला नऊ, नंतरच्या नागरी जीपला सात. आणि सीजे-३बीचं बॉनेट एवढं उंच का? युद्धातल्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, खाली होते. नव्या 'हरिकेन' इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले, धूर बाहेर सोडणारे खालीच ठेवले. त्याने ताकद वाढली पण इंजिनाची उंची वाढली. मग बॉनेट वर उचलावं लागलं. एवढं साधं कारण आहे, पण त्याने गाडीचा चेहराच बदलला.

खोलण्याआधी लिहिणे

बहुतेक जुन्या गाड्या खोलल्यावर अडकतात. चार पोरं उत्साहाने आठवड्यात गाडी सुटी करतात आणि मग वर्षभर डब्यांतले नट-बोल्ट बघत बसतात. आमच्याकडे नियम असा की एक भाग निघाला की त्याचा फोटो, वहीत आकृती, आणि नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत. पिशवीवर आकडा, तोच आकडा वहीत. वायरच्या दोन्ही टोकांना एकाच आकड्याच्या चिठ्ठ्या. वॉशर कोणत्या बाजूला होतं, हेही लिहायचं. 'लक्षात राहील' असं कोणी म्हटलं की अण्णा हसतात.

वहीचा दुसरा भाग म्हणजे अण्णांचं बोलणं. "ह्या बाजूचा पाटा एकदा बदललाय, धान्याची पोती जास्त भरली होती." "हा बोल्ट मूळचा नाही, हा ट्रॅक्टरचा हाय." पन्नास वर्षांत कुठे काय बदललं हे गाडी सांगत नाही, माणूस सांगतो. हे कळल्याशिवाय मूळ काय आणि जुगाड काय ते ठरवता येत नाही.

इंचाचा पाना आणि गणिताचा तास

जीपचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. आपल्याकडच्या पेटीत मिलिमीटरचे पाने असतात. इथे अपूर्णांक खऱ्याखुऱ्या उपयोगाला येतात. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. ९/१६ इंच म्हणजे किती? १४.२९ मिमी. म्हणजे १४चा पाना बसणारच नाही आणि १५चा बसेल पण फिरेल, नटाचे कोपरे गोल करेल. १/२ इंच म्हणजे १२.७, तिथे १३चा पाना ढिला बसतो. गंजलेल्या नटावर तो लावला की कोपरे गेलेच. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे मात्र १९चा पाना कसाबसा बसू शकतो. माझ्या पुतण्याने (सहावीत आहे) एका पुठ्ठ्यावर हा तक्ता करून शेडमध्ये टांगलाय. अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर त्याला एवढं पटकन वहीवर कधी आलं नव्हतं, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

आता आटे. साधारणपणे नट उजवीकडे फिरवला की आवळतो. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, चाक फिरताना ढिले पडू नयेत म्हणून. आमच्याही जीपचे तसेच निघाले. हे माहीत नसलेला माणूस पाइप लावून जोर लावतो आणि स्टड तोडतो. नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी तो कोणत्या दिशेला सुटतो ते बघावं.

गंजलेला बोल्ट का अडकतो? लोखंड गंजलं की गंजाची जागा मूळ लोखंडापेक्षा जास्त होते. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखं होतं. मग तेल सोडायचं, एक रात्र थांबायचं, नट तापवायचा, हातोडीने हलके ठोके द्यायचे, परत तेल. नट तापला की प्रसरण पावतो, 'उष्णतेचे परिणाम' या धड्यातलंच. (पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल आसपास असताना ज्योत अजिबात नको.)

लहान भागांचा गंज आम्ही विजेने काढला. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, एक साधी लोखंडी पट्टी धन टोकाला, दोन्ही एकमेकांना न लावता. काही तासांत गंज सैल होऊन काळा गाळ होतो, ब्रशने निघतो. दोन गोष्टींची काळजी: या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून उघड्यावरच करायचं. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. मुलांना दाखवायचं तर लांबून.

इंजिन

बरीच वर्षं उभं असलेलं इंजिन सुरू करायचा मोह होतो. बॅटरी लावून स्टार्टर दाबला की आतल्या गंजलेल्या रिंगा सिलिंडर खरवडू शकतात. आधी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं ऑइल आणि डिझेल सोडलं. आठवडा तसंच. मग हँडल घालून हळूच, पाव वळण पुढे, पाव मागे. आमचं इंजिन नवव्या दिवशी हललं. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त चहा ठेवायला सांगितला.

हँडल मारायची पद्धत अण्णांनी मुलांना शिकवली ती इथे लिहिते, कारण ती आता फार थोड्या लोकांना माहीत आहे. अंगठा हँडलच्या पलीकडे नाही घालायचा, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आणि हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो. अंगठा अडकलेला असेल तर मोडतो.

मोठ्या वर्गांच्या शिक्षकांसाठी एक उदाहरण. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच, पिस्टनची धाव ४.३७५ इंच, सिलिंडर चार. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र लावा. एका सिलिंडरचं ३३.५५ घनइंच, चारांचं सुमारे १३४.२. घनइंचाला १६.३९ ने गुणलं की सुमारे २२०० मिलिलिटर. म्हणजे २.२ लिटर. कागदपत्रांवर जो 'सीसी' आकडा लिहिलेला असतो तो असा येतो. सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम १-३-४-२ असा आहे. प्लगच्या वायरी या क्रमाने न लावता ओळीने लावल्या तर इंजिन नुसतं फटफट करतं.

दीरांना डिझेल इंजिन बसवायचं होतं. त्यांचं चूक नव्हतं. गावाकडे डिझेल स्वस्त म्हणून कितीतरी पेट्रोल जीपना लोकांनी डिझेल इंजिनं बसवली, आणि शेतीला त्या चांगल्या चालल्या. अण्णांचं म्हणणं, मग ती जीप राहील पण ही जीप राहणार नाही. चारेक महिने हा वाद चालला. मूळ इंजिनाचे भाग मिळतात का ते बघू, एवढ्यावर थांबला. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईत कुर्ल्याची जुन्या भागांची दुकानं पालथी घातली. पॅकिंग आणि ऑइल सील मिळाले, पिस्टन रिंगाही मिळाल्या. मूळ इंजिन राहिलं.

चारही चाकं

जीपचा दुसरा छोटा गीअरबॉक्स हे तिचं खरं वेगळेपण. लिव्हर टाकला की पुढची चाकंही फिरायला लागतात. दुसरा लिव्हर वेग कमी करून जोर सुमारे अडीच पट वाढवतो. अमेरिकन सीजे-३बीचे आकडे घेऊन बघा: पहिला गीअर २.८, छोट्या बॉक्सचा २.४६, धुऱ्याचा ५.३८. तिघांचा गुणाकार साधारण ३७. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. गाडी माणसाच्या चालीने जाते, पण चिखलातून वर चढते.

मग डांबरी रस्त्यावर चारही चाकं का नाही लावायची? हे मी चौथीच्या मुलांना मैदानावर करून दाखवलं. दोघं पुढे, दोघं मागे असे चार जण उभे केले आणि वळायला सांगितलं. वळताना पुढच्या दोघांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर चालावं लागतं. मग पुढच्या-मागच्यांना दोरीने बांधून 'पावलं सारखीच टाका' म्हटलं. दोरी ताणली, एक जण घसरला. जीपचे पुढचे आणि मागचे शाफ्ट असेच एकमेकांना बांधले जातात. मातीत चाक घसरून ताण सुटतो. डांबरावर घसरत नाही, मग ताण गीअरवर येतो.

जिथे घाई चालत नाही

ब्रेक आणि पेट्रोलची टाकी. या जीपला ब्रेकचा एकच मास्टर सिलिंडर आहे. एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक जातात. म्हणून जुना रबर होज 'बरा दिसतोय' म्हणून ठेवायचा नाही, सगळे नवे. ड्रममधली धूळ फुंकायची नाही, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, कारण आत वाफ असते. तिला घरी वेल्डिंग करायचं नाही. आम्ही ती जाणत्या कारागिराकडे दिली आणि तो काम करत असताना मुलांना घरी ठेवलं.

पत्र्याचं काम अजून चालू आहे. डॅशबोर्डच्या मागे रंग खरवडला तेव्हा चार थर निघाले. सगळ्यात खालचा तोच लावायचा ठरलंय. डाव्या मडगार्डला एक पोचा आहे. माझे मिस्टर लहान असताना बैलगाडीला लागून पडलेला. डेंटर म्हणाला काढून देतो. अण्णांनी राहू दे म्हटलं.

राहिली कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच. अण्णांना जीप शेतावर न्यायची आहे, म्हणून आम्ही जुनीच नोंदणी वाढवायच्या प्रयत्नात आहोत. चासीवरचा नंबर गंजातून वाचायला तीन दिवस लागले. आरसी बुकाशी तो जुळला. वहीच्या शेहेचाळिसाव्या पानावर तो अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय.